मागून येणाऱ्याचा ठोका

बाळांनो, घटकाभर तुम्हीच त्या रिंगणात उभे राहा. हातात खांद्याइतकी उंच बांबूची काठी आहे, तिच्या टोकांना जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळल्या आहेत. पायाखाली पाणी मारून बसवलेली माती, भोवती चुन्याची गोल रेघ. समोर दोघे काठ्या उगारून उभे आहेत. डावीकडे एक. चौथा मागे आहे, तो तुम्हाला दिसत नाही. त्याला पाहायला वळलात तर समोरचे मारतील, आणि नाही वळलात तर तो मारेल. काय कराल?

मयुरी कान देऊन उभी होती.

समोरून प्रसेनजितची काठी आली तशी ती झुकून रिंगणाच्या कडेला सरकली. आता यास्मीन नेमकी तिच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये आली. यास्मीनचा वार तिने बाजूला लोटला. यास्मीनच्या मागच्यांना पुढे यायला वाटच उरली नाही. हेच तिला शिकवले होते. मधोमध उभे राहायचे नाही, एकाला दुसऱ्याच्या आड आणायचे. मग चौघे असले तरी एका वेळी एकच पोचतो.

हे शिकवणाऱ्या अख्तरीखालाचे देऊळघाटात बांगड्यांचे दुकान होते. दुकानामागच्या अंगणात तिचे वडील काठी शिकवत. ते गेल्यावर तिने ती शिकवणी मोडू दिली नाही. लहानग्या मनगटात बांगडी चढवताना तिचा हात जितका हलका, तितकाच काठी फिरवतानाही. त्या अंगणाची एक रीत होती. मागून येणाऱ्याने आधी आपली काठी जमिनीवर आपटायची, मग वार करायचा. त्याला सगळे ठोका म्हणत. ठोका ऐकून वळायची सवय लागली की पाठीलाही कान फुटतात, असे खाला सांगे. मयुरीच्या पाठीला ते फुटले होते. मागे कोण आहे याची तिला काळजीच उरली नव्हती.

त्या रविवारी अंगणात आईबापही येऊन बसले होते. मयुरीचे वडील वैजनाथ गिरणी बंद ठेवून आले होते. भुवयांवर अजून पीठ होते. तिच्या शाळेत सातवीपुढे वर्ग नव्हता. तिला मोठ्या भावासारखे, चिन्मयसारखे, एसटीने बुलढाण्याला शिकायला जायचे होते. हिवाळ्यात परतीची गाडी यायला अंधार होतो, आणि फाट्यापासून घरापर्यंतची वाट शेतांमधून येते. महिनाभर घरात तोच विषय होता. शेवटी वैजनाथने सगळ्यांसमोर सांगितले होते, की चौघांच्या घेऱ्यात पाय रोवून उभी राहिली तर खुशाल जावे.

आता फक्त मागचा उरला होता. मयुरी ठोक्याची वाट पाहत होती.

ठोका आला नाही. वारच आला, उजव्या खांद्यावर. ती गुडघ्यांवर पडली आणि काठी रेघेबाहेर गेली.

तिने मान वळवून पाहिले. मागे चिन्मय होता. त्याच्या काठीचे टोक आता जमिनीला टेकले होते.

खाला पुढे आली.

"ठोका काऊन नाही देला?"

चिन्मयने तिच्याकडे पाहिले नाही. त्याने भिंतीपाशी बसलेल्या वैजनाथकडे पाहिले आणि लगेच नजर खाली घातली. हा वार धरायचा नाही, असे खालाने जाहीर केले. पण वैजनाथ उठून आला होता. त्याने मयुरीच्या गुडघ्यांवरची माती आपल्या हाताने झटकली.

"खाला, रस्त्यावर कोणी ठोका देऊन येते का? बरं झालं, पोरीले इथंच कळलं."

बोलणे खरे होते, आणि खालाचा निर्णय तिथेच मागे पडला. घरी जाताना त्याने तिला गरम कचोरी घेऊन दिली. मयुरीने ती खाल्ली नाही. घर येईपर्यंत कागदातून तेल झिरपून तिच्या तळहाताला लागले.

दुपारी तिची आई शकुंतला तिच्या खांद्याला हळद-तेल चोळत बसली. आईचा हात चांगला गरम होता. मयुरी म्हणाली की दादा ठोका द्यायला कधीच विसरत नाही, आजच कसा विसरला. हात मध्येच थांबला.

"तुले माहीत होतं, आई?"

शकुंतलाने तेलाची वाटी उचलली आणि ती आत ठेवायला गेली.

चिन्मय अंगणात सायकलची साखळी बसवत होता. साखळी बसलेली होती. तो ती काढून पुन्हा बसवत होता. मयुरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती काही विचारेल म्हणून तो थांबला. शेवटी तोच बोलला.

"बाबा म्हणे, गुपचूप मागून जाय. म्हणे, मले तिले नाही म्हणता येत नाही, ते रडीन. रिंगणात पडली का आपोआप घरी राहीन."

"अन् तू गेला."

"हाव."

त्याच्या बोटांना काळे वंगण लागले होते. त्याच हाताने त्याने डोळा पुसला आणि गालावर पट्टा उमटला. एरवी मयुरी त्यावरून दिवसभर त्याला चिडवत राहिली असती. ती तशीच गिरणीकडे गेली.

गिरणी सुरू होती. वैजनाथ पाठमोरा उभा राहून पीठ चिमटीत घेऊन पाहत होता.

"बाबा, मले पाठवायचंच नव्हतं का तुमाले?"

त्याने पुढची चिमूट घेतली. तिने पुन्हा विचारले. गिरणीचा आवाज मोठा होता खरा. पण त्याच आवाजात दारातल्या गिऱ्हाइकाची हळू हाकही त्याला ऐकू येत असे, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. वैजनाथने पट्ट्याकडे पाहिले, डबा सरकवला, आणि वळला नाही. मयुरी तिसऱ्यांदा विचारायला थांबली नाही.

पुढच्या रविवारी ती येणार नाही असेच सगळ्यांना वाटले होते. ती आली, तेही सगळ्यांच्या आधी, आणि रिंगणाच्या रेघेवर नवा चुना तिनेच टाकला. त्या दिवशी मध्ये उभे राहायची पाळी चिन्मयची होती. मागे कोण जाईल, असे खालाने विचारले, तशी मयुरी पुढे झाली.

"देऊन टाक एक सणसणीत," यास्मीन तिच्या कानाशी पुटपुटली, "हिशोब बरोबर."

खालाने काठी दिली, पण लगेच सोडली नाही. क्षणभर दोघींचे हात त्याच काठीवर राहिले. रीत काय आहे हे तिने त्या दिवशी बोलून दाखवले नाही.

घेरा सुरू झाला. चिन्मय कडेला सरकलाच नाही. शिकवलेले सगळे विसरल्यासारखा तो मधोमध उभा राहिला. समोरचे वार त्याने अडवले, पण पाठ तशीच उघडी ठेवली. मागे कोण आहे ते त्याला माहीत होते. त्याचे खांदे वाराची वाट पाहत होते.

त्याच वेळी वैजनाथ अंगणाच्या दारात येऊन उभा राहिला. पोरांना घरी न्यायला आला होता.

मयुरीने काठी उचलली. यास्मीनने आपली काठी खाली घेतली. मयुरीने काठी जमिनीवर आपटली. मातीवर तो आवाज नीट उठला. चिन्मय वळला, आणि त्याची काठी आपोआप वर आली.

त्या काठीवर वार झालाच नाही. मयुरी त्याच्या शेजारून निघाली, चुन्याची रेघ ओलांडली आणि थेट दारात, वडिलांसमोर जाऊन थांबली. त्याच्या भुवयांवर पीठ होते. इथे गिरणीचा आवाज नव्हता.

तिने काठीचे टोक त्याच्या पायापुढच्या मातीवर एकदा आपटले, आणि मग, मोठ्याने नव्हे, तोच प्रश्न पुन्हा विचारला.