भाऊजींना पटलेला पीसी

वर्षभर दामिनी एकच वाद घालत होती, आणि तो जिंकल्याशिवाय सोडायचा नाही असं तिने ठरवूनच टाकलं होतं. समोर होते तिच्या मोठ्या बहिणीचे, आकांक्षाचे यजमान, गजेंद्रभाऊजी. अकोल्यात त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. माणूस दिलदार, सासुरवाडीला कधी रिकाम्या हाताने यायचा नाही. पण एकदा मत झालं की झालं. त्यांच्या टीव्हीखाली गेम खेळायचा एक कन्सोल होता आणि त्याच्यापुढे बाकी सगळी यंत्रं झक मारतात, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

“प्लग खोसला, बटन दाबलं, खेळ सुरू,” ते फोनवर म्हणायचे. “तुहा पीसी म्हणजे आज हे बदल, उद्या थे बदल. तुह्या एका ग्राफिक्स कार्डाच्या पैशात माहा पुरा डबा येते. वरून दोन गेम येते.”

हे ऐकलं की दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण यातलं निम्मं खरं होतं. कार्ड महाग होतं. रॅमने तर त्या वर्षात असा भाव खाल्ला होता की ती दुकानात जायची, विचारायची आणि तशीच परत यायची.

“गेमा तुमी पुऱ्या भावानं घेता, मी सेलमंधी घेतो,” ती सुनवायची. “ऑनलाइन खेळाचे दरसाल वेगळे भरता, थे नाई सांगत? अन् चित्र पाह्यलं काय तुमी तुमच्या डब्याचं? लांबचं झाड हिरव्या गोळ्यावानी दिसते.”

“आमाले झाडं पाहाले वावर हाये,” भाऊजी हसायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

दामिनी अमरावतीत राजापेठेतल्या एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइन करायची. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फलक. दिवसभर लोकांच्या मिशा नीट कापायच्या आणि मागे सोनेरी किरणं सोडायची. पगारातून तिने तो पीसी एकेक भाग आणून स्वतः जोडला होता. घरात मात्र त्याचं नाव ‘दामिनीचा गेम’ एवढंच होतं. आई, मैनाबाई, त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालून ठेवायची. वडील चंद्रभान नांदगाव खंडेश्वरच्या शेतावरून आले की त्या पेटीतले रंगीत दिवे बघून कौतुकाने म्हणायचे, “आपल्या घरी बारा महिने दिवाई हाये बापा.”

तो पीसी खरा कशासाठी होता हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ती एक गेम बनवत होती. कौंडण्यपूरच्या जत्रेत हरवलेली एक पोरगी, पाळण्यांच्या, बांगड्यांच्या, रेवड्यांच्या गर्दीतून आपली माणसं शोधत फिरते. पुण्याच्या एका कंपनीला त्याचा तुकडा आवडला होता. महिनाअखेरीला व्हिडिओ कॉलवर तिने तो स्वतःच्या मशीनवर उघडायचा आणि ते सांगतील ते बदल त्यांच्यासमोर करून दाखवायचे, असं ठरलं होतं. जमलं तर नोकरी. पण घरी ‘पुणे’ म्हटलं असतं तर राहणार कुठे, सोबत कोण आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं, हे सगळं एकदम सुरू झालं असतं. म्हणून नोकरी हातात पडली की बोलू, असं तिने ठरवलं. तोवर चित्राचा वाद बरा होता. त्यात तिला हरायची भीती नव्हती.

आणि धोंड्याचा महिना आला. ज्येष्ठाचं ऊन, त्यात अधिक मास. जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे आणि वाण द्यायचं. चंद्रभानांच्या मनात चांदीचं ताट होतं, पण चांदी अशी काही भडकली होती की सराफाकडून ते वाटी घेऊन परतले, आणि ती वाटीही त्यांना फार लहान वाटत होती. दरवेळी ते जावयाला विचारायचे, “काय देऊ?” आणि गजेंद्र दरवेळी “काई नोको मामाजी” म्हणायचे. न मागणाऱ्या जावयाने त्यांना अगदी जेरीला आणलं होतं.

गजेंद्रभाऊजी आकांक्षाला घेऊन सकाळच्या गाडीने अकोल्याहून आले ते कन्सोल पिशवीत घालूनच. “आज सोक्षमोक्ष,” त्यांनी दारातूनच आरोळी ठोकली. दामिनीला हेच हवं होतं. तिने कूलर खोलीकडे वळवला, पीसीची पेटी उघडून धूळ उडवली आणि जेवढ्या म्हणून सेटिंग होत्या तेवढ्या टोकाला नेऊन ठेवल्या.

गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम टीव्हीवर आणि मॉनिटरवर शेजारी शेजारी लावला. आधी भाऊजी आपल्या डब्यावर खेळले, मोठमोठ्याने. मग तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. पहिल्या वळणावर त्यांची बडबड थांबली. गाडीच्या चकचकीत टपावर दुकानांच्या पाट्यांची प्रतिबिंबं उलटी सरकत होती, वाचता येतील इतकी स्वच्छ. बोट हललं की गाडी हलत होती, मधे कुठे अडखळणं नाही.

“हे असं दिसते?” त्यांनी विचारलं.

“असं दिसते,” दामिनी म्हणाली. “तुमच्यात दिसते काय?”

ते पुन्हा खेळले, पुन्हा खेळले. मैनाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली तरी उठेनात. दामिनी मागे उभी राहून बघत होती आणि वर्षभराचा राग गार होत होता. कार्ड तापतं, यूपीएस लागतो, पैसा जास्त जातो, हे सगळं आता तिने स्वतःहून कबूल केलं, इतकी ती खूश होती. जिंकल्यावर मन मोठं करायला काय जातं?

“हारलो बापा,” भाऊजी शेवटी म्हणाले आणि त्यांनी खरोखरच कान पकडले. “डबा तो डबाच.”

जेवण झालं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, आग्रह तर असा की भाऊजी ताटावर आडवा हात धरून बसले. मग पाट मांडला. चंद्रभानांनी अनारशांचं ताट आणि चांदीची वाटी पुढे केली आणि ओशाळून म्हणाले, “यंदा लहानच हाये जावाईबापू. तुमी कधी काई सांगत नाई. आता त सांगा, काय पाह्यजे?”

गजेंद्रभाऊजी पोटभर जेवलेले आणि मोकळ्या मनाचे. त्यांनी हसत खोलीकडे बोट दाखवलं. “आता मले त थेच पाह्यजे मामाजी! कन्सोलवर मन नाई लागत आता.”

सगळे हसले. दामिनीसुद्धा हसली. पण चंद्रभानांचा चेहरा एकदम उजळला.

“न्या मंग!” ते म्हणाले. “आजच न्या. मैना, कुकू आण व.”

“बाबा,” दामिनी म्हणाली, “थे मजाक करून राहिले.”

“धोंड्याच्या पाटावर जावायानं मागतलं. मजाक कायची?”

मैनाबाई कुंकू घेऊन आलीसुद्धा. रुमाल काढला, पेटीच्या काचेवर दोन बोटं ओढली आणि वर अक्षता टाकल्या. भाऊजी आधी “नाई नाई” म्हणाले. मग सासऱ्यांचा हट्ट बघून गप्प झाले, आणि गप्प होताना त्यांचे डोळे पेटीवरच होते, हे दामिनीने पाहिलं.

“माह्या पगाराचं हाये थे,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

“मंग काय झालं? घरचंच न,” चंद्रभान म्हणाले. “दिवाईले तुले दुसरं घेऊ. दिलेलं वाण वापस नाई घेत कोणी.”

आकांक्षाने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. “चूप राह्य,” ती कुजबुजली. “त्याईच्यासमोर बाबाचा अपमान करू नोको. मी समजावतो त्याईले. पोळ्याले वापस आणू.”

पोळ्याला! महिनाअखेर समोर येऊन ठेपली होती आणि ही पोळ्याची गोष्ट करत होती. दामिनीने हात सोडवून घेतला आणि बाहेर येऊन सगळं एका दमात सांगून टाकलं. गेम, कौंडण्यपूरची पोरगी, कंपनी, कॉल, नोकरी. सांगताना रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, रडू आलंच. दुकानातल्या खटारा कॉम्प्युटरवर तो गेम उघडतसुद्धा नाही, हेही सांगितलं.

मग मैनाबाई म्हणाली, “आता हे पुण्याचं काय काढलं मधातच? जावाई निघाले न.”

“पयले काहून नाई सांगतलं?” चंद्रभान म्हणाले. ते रागावले नव्हते, खरोखरच बुचकळ्यात पडले होते. “सालभर त तू चित्राचंच बोलून राहिली होती. चित्र चांगलं, चित्र चांगलं. आमाले काय मालूम?”

वाद तिनेच जिंकला होता, आणि इतका चांगला जिंकला होता की पेटी आता दारातल्या ऑटोत चढत होती. मॉनिटर भाऊजींनी स्वतः गादीत गुंडाळला, अगदी जपून.

ऑटोत बसण्याआधी ते परत आत आले. तिचे लाल डोळे बघून त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून कन्सोल काढला, त्याच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि तिच्या हातात ठेवला.

“हे घे. तुले ठेव, कायमचा. दोन्ही गेमा बी ठेव. मी काय तुले रिकाम्या हातानं सोडतो काय?”

“भाऊजी,” दामिनी म्हणाली, “याच्यावर गेम खेळता येते. बनवता येत नाई.”

गजेंद्रभाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बनवाची कायले व,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “बनलेल्या भेटून राहिल्या न.”