मंगळवारचे तीन तास

"दुसऱ्या बाईंना अंतरासाठी दहापैकी चार," असे म्हणत त्याने आकडा रकान्यात लिहिला.

संध्याकाळचे सहा वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला त्याने आखलेला कागद होता. डावीकडे तीन विवाह-समुपदेशकांची नावे आणि वर अंतर, वेळ, अनुभव, प्रतीक्षा. बावीस वर्षे लिफ्टची देखभाल करणाऱ्या या माणसाला कामावर सगळे 'मोजपट्टी' म्हणत. ब्रेक बदलायचा की नाही, हेही तो गुण देऊनच ठरवी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको मुलांच्या गणवेशांना इस्त्री करत होती. ती रुग्णालयात परिचारिका. महिन्यापूर्वी तिने शांतपणे सांगितले होते, "असंच चालणार असेल, तर मी मुलांना घेऊन ताईकडे राहीन." त्यावर समुपदेशकाचा तोडगा निघाला आणि निवडीचे काम ओघानेच त्याच्याकडे आले.

"बाबा, आईला किती मार्क?" आठ वर्षांच्या लेकीने टेबलाखालून विचारले.

"आईला मार्क नसतात गं, नुसते शेरे," बायको म्हणाली. "जा, दादाला दप्तर भरायला सांग."

त्याचे कान लाल झाले. लेक गेल्यावर तो म्हणाला, "पहिल्या बाई ठरवू. चाळीसपैकी चौतीस. तुझ्या रुग्णालयाजवळच आहेत. फक्त मंगळवारी तीनला भेटतात. मी कामावरून परस्पर येईन. तुला मात्र रजा टाकावी लागेल. तुझी पाळी पाचला संपते ना?"

इस्त्री थांबली.

"रजा कशाला? मंगळवारी मी दोनलाच सुटते."

"दोनला? कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"पण घरी तर साडेपाचला येतेस."

"हो."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग असतेस कुठे?"

"रुग्णालयामागच्या बागेत. बाकावर बसते. काही करत नाही." ती गणवेशाची कॉलर बोटांनी सरळ करत राहिली. "तिथं मला कुणी आई म्हणत नाही, सिस्टर म्हणत नाही. तुला सांगितलं असतं, तर त्या तीन तासांत तू काहीतरी बसवलं असतंस. धाकटीचा क्लास, नाहीतर कुणाला तरी दातांच्या डॉक्टरकडे नेणं."

त्याने वर पाहिले. फ्रिजवरचे आठवड्याचे वेळापत्रक त्याच्याच हातचे होते, आणि त्यात एकही चौकोन रिकामा नव्हता.

त्याने पहिल्या नावावर रेघ मारली.

"मंगळवार नको."

"अरे, पण चौतीस मार्क मिळालेत त्यांना!"

"मिळू देत. ते तिसरे गृहस्थ शनिवारी सकाळी भेटतात."

"शनिवारी तू पोहायला जातोस. तेवढी एकच तर चैन तुझी. आणि सव्वा तासाचा रस्ता. अंतराला तूच शून्य दिलंयस त्यांना."

"जाऊ की. गाडीत दोघंच असू."

त्याने फोन लावला, शनिवारची वेळ मागितली, दोघांची वये सांगितली. पलीकडून तक्रार कोणाची, असे विचारले गेले.

"दोघांची," तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाला, "नाही, आधी तिची लिहा. माझी मला अजून नीट मांडता येत नाहीये."

एका गणवेशाची बाही अजून राहिली होती. तिने इस्त्रीचे बटण बंद केले आणि खुर्ची ओढून ती त्याच्याजवळ बसली.