दूताचा प्रवेश

जगज्जेत्या राजावरचं नाटक लिहायला घेतल्यापासून नाटककाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तालमीच्या हॉलमध्ये दिग्दर्शक रोज एकच विचारायचा, "राजा जिंकतो, ते कळलं. पण नाटक कशाबद्दल आहे?" नाटककार कधी म्हणे सत्तेची हाव, कधी एकटेपण. दिग्दर्शक नुसता चहा ढवळत बसे.

घरी थोरली बहीण होती. तिचा एकुलता एक मुलगा लढाईत मारला गेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती भावाकडेच राहायची. एका दुपारी मटार सोलता सोलता तिने त्याला नदीचा प्रवेश वाचायला लावला. राजाचं सैन्य भर पुरात नदी ओलांडतं, अकराशे माणसं बुडतात, पलीकडे विजयाचे नगारे वाजतात.

"त्या अकराशे जणांच्या घरी कळवलं कुणी?"

"इतिहासात तसं काही नाही, ताई."

"नसणारच," ती म्हणाली आणि सोलत राहिली.

नाटककाराला धागा सापडला. आठ दिवसांत त्याने नवा प्रवेश लिहिला. राजाचा दूत एका आईच्या दारात निरोप घेऊन येतो. ती त्याला बसवते, पाणी देते, मग हळूच विचारते, "नदी फार गार होती का रे?" दिग्दर्शकाने वाचून डोळे पुसले. "हेच तुझं नाटक," तो म्हणाला. ताईला मात्र नाटककाराने काही सांगितलं नाही. ती नको म्हणेल, ही धास्ती होती.

पहिल्या प्रयोगाला ती तिसऱ्या रांगेत होती. दूताने पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, तशी ती उठून बाहेर गेली. नाटककार मागोमाग धावला. तिकीट खिडकीजवळच्या बाकावर ती बसली होती.

"चुकलो, ताई. उद्यापासून तो प्रवेश काढून टाकतो."



"काढू नकोस," ती म्हणाली. "पण मी नाही रे कुणाला पाणी दिलं. निरोप घेऊन आलेला तो शिपाई आपल्या पोराच्याच वयाचा होता. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. कितीतरी वेळ उन्हात उभा होता बिचारा. मी खिडकीतून बघत होते."

सहा वर्षांत हे तिने कुणापाशी काढलं नव्हतं. आत टाळ्या पडत होत्या. तो तिच्याशेजारी बाकावर बसला.

दुसऱ्या प्रयोगात आईने दार लावून घेतलं. दूत तसाच उभा राहिला. टाळ्या पडल्या नाहीत. ताई ते बघायला आली नाही, आणि त्यानेही आग्रह केला नाही.