आत घेतलेला ड्रेस

ट्रायल घेतल्याशिवाय शिंपीमास्तर कुणाचाही कपडा हातावेगळा करत नसत. खांदा ओढतोय का, बसताना दाटतं का, असं खोदून खोदून विचारायचे. गिऱ्हाईक वैतागलं तरी यांच्या तोंडाचा पट्टा चालूच. बायकोला मात्र ट्रायल नाही. तिचं माप तोंडपाठ, मग विचारायचं काय?

ती दुकानामागच्या खोलीत काजं-बटणं करायची आणि ढेरपोट्या गिऱ्हाइकांच्या अशा नकला करायची की हसता हसता मास्तरांच्या बोटात सुई जायची. थंडी सुरू झाली तशा नकला थांबल्या, मग काजंही. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. कुणी चौकशी केली की मास्तर डोळा मारत, "राणीसाहेब रजेवर आहेत." लोक हसायचे. मास्तरही हसायचे, पण लोकांच्या जरा आधीच थांबायचे.

तिचे कपडे ढगळ दिसू लागले. तेवढं मास्तरांच्या हातातलं होतं. त्यांनी ते मशीनवर आत घेतले. पुढे पुन्हा घेतले.

मेहुणी आली ती दारातूनच ओरडत. "ताई, मस्त दिसतेस की! फोनवर उगाच मेल्यासारखं बोलतेस." तिनं बहिणीला मिठी मारली. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. दोरीवरचा ड्रेस तिनं ओढून उलटा केला. एकीच्या आत एक, तीन शिवणी.

"भावोजी, हे काय?"

"सैल होत होता."

"ड्रेस सैल होतो आपोआप? आतलं माणूस संपत चाललंय!"

"मला वाटलं, आळस असेल. जाईल."

"तुमची पाठ धरली तेव्हा आळस म्हणालात? गेलात ना डॉक्टरकडे? मनाचेही डॉक्टर असतात. चला."

लोक काय म्हणतील, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. मेहुणीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर साध्या आवाजात म्हणाल्या, "मरून जावंसं वाटतं?"

"रोज," बायको म्हणाली. जणू भाजी आणली का, याचंच उत्तर. "पण सांगू कुणाला? आरशात बघावं तर सगळं नीट बसलेलं."



हा आजार आहे, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, बोलायला नेमानं या, तिला एकटं ठेवू नका, असं बरंच काही बाईंनी समजावलं. मेहुणीनं ते मास्तरांकडून दोनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर मास्तरांनी स्टूल तिच्या खाटेजवळ ओढलं आणि ड्रेस उसवायला घेतला. धागे चिवट निघाले. त्यांचीच शिवण ती.

"उसवताय कशाला?" भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली. "ढगळ दिसेल."

"दिसू दे."

ती वळली नाही. पुढचा टाका त्यांना काही केल्या दिसेना. तरी ते स्टुलावरून उठले नाहीत.