अण्णांच्या कॅमेऱ्याची चकती

गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं होतं आणि दादाने अण्णांच्या जुन्या कॅमेऱ्यावरची चकती चिमटीत धरली होती. ती वर ओढली की मागचं झाकण उघडणार. आत रोल असेल, तर उजेड लागून सगळे फोटो गेलेच.

"रिकामा आहे गं! त्यांना आतून बघायचाय," दादा खेकसला. अण्णा गेल्यापासून तो घरभर असाच डाफरत होता.

"ओढू नकोस, आधी नुसती फिरव," धाकटी बहीण म्हणाली. "आत रोल असला तर अडेल. अण्णांनी तुलाही शिकवलं होतं."

दादाने नाक मुरडत चकती फिरवली. ती सैल फिरली.

"झालं समाधान?"

"अजून थोडी."

त्याने वैतागून आणखी पीळ दिला आणि चकती अडली. त्याने हलकेच जोर लावला, तसा आतूनही कुणीतरी तेवढाच हलका जोर लावला.

"उघडताय ना?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. चकती मात्र त्याने सोडली नाही. लहानपणी बाजारात अण्णांचं बोट धरायचा, तशी धरून उभा राहिला.