छोट्याची जागा

आमच्या बाबांना अख्ख्या जगाने 'बिचारे' म्हटलं, त्या सकाळी मी एका दवाखान्याचे पडदे शिवत बसले होते. छोट्याचा मेसेज आला, ताई, आज जाहीर झालं, माझं काम, बघ आणि बाबांनाही दाखव. छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता चांगला दार वाकून ओलांडणारा बाप्या झालाय, आपल्या कॉम्प्युटरला जी सिस्टीम लागते ती बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मी सुई कापडात टोचली आणि मोठ्या कौतुकाने व्हिडिओ लावला. सख्खा भाऊ आहे, कौतुक नको?

पण आधी बाबांचं सांगते, नाहीतर माझा संताप का झाला ते कळायचं नाही.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात समोरच्या भिंतीवर एक लांबरुंद फळी, आणि फळीवर प्रत्येक हत्याराभोवती पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली. पाना पान्याच्या रेघेत, पक्कड पकडीच्या रेघेत. बाबांचा हात न बघता तिकडे जायचा. डोळे मशीनमध्ये, तोंड गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यात, आणि हात बरोबर हवं ते घेऊन परत. आम्ही काही भलतीकडे ठेवलं की घर डोक्यावर घ्यायचे. कुणी हत्यार मागून नेलं आणि ढेकर न देता गिळलं, तरी त्या रेघेत दुसरं काही टांगायचं नाही, हा त्यांचा आणखी एक कायदा. आई म्हणायची, अहो, ती रेघ भुतासारखी दिसते, निदान कात्री तरी लावा तिथे. बाबा म्हणायचे, "ती त्याची जागा आहे." विषय संपला.

मग त्यांना झटका आला आणि शब्द गेले. समजतं सगळं. अक्कल शाबूत, राग तर त्याहून शाबूत. पण चहा म्हणायचं असतं आणि तोंडातून 'दार' बाहेर पडतं, मग स्वतःवरच चिडून हात आपटतात. अक्षरंही गेली, पाटी वाचता येत नाही की नाव लिहिता येत नाही. उजवा हात निम्मा कामातून गेला. बोलणं शिकवायला यायच्या त्या बाईंनी चित्रांची कार्डं आणून दिली, ती बाबांनी भिरकावली. किती दिवस आमच्या घरात नुसती आदळआपट चालली होती, ते माझं मला माहीत.

तेव्हा छोट्याच धावून आला. ज्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. रजा काढून आला, बाबांच्या खोलीत कॉम्प्युटर बसवला आणि पडद्यावर चित्रं मांडली. डावीकडे वर कपाचा फोटो, दाबला की आवाज येतो, 'चहा हवाय.' त्याच्याखाली पाणी, मग दिवा, मग 'दुखतंय'. मधे 'हो' आणि 'नाही'. खाली 'पुरे झालं', कारण मी ताटात आग्रहाने वाढते. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात छोट्याचा स्वतःचा फोटो, तो दाबला की 'छोट्याला फोन लाव'. सगळे आवाज छोट्याचेच. लहानपणापासून फोनवर लोक त्याला बाबा समजून मशीनच्या तक्रारी सांगायचे, इतका दोघांचा आवाज सारखा.

बाबांनी डाव्या हाताने माऊस धरला आणि थोड्याच दिवसांत पडदा त्यांचा झाला. चित्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. डोळे माझ्यावर रोखलेले आणि हात कोपऱ्यात, 'चहा हवाय.' परत, 'चहा हवाय.' मी म्हटलं, ऐकलं हो, बहिरी नाही मी. त्या बाई थक्क झाल्या. मी नाही झाले. भिंतीवरची फळीच ती, फक्त काचेमागे गेलेली. रोज संध्याकाळी 'छोट्याला फोन लाव' वाजायचं, मी लावायचे, छोट्या तिकडून बडबडायचा आणि बाबा इकडून 'हो, हो, नाही' करत बसायचे. बाप-लेकांची इतकी गट्टी तर बाबा बोलत होते तेव्हाही नव्हती.

तर, तो व्हिडिओ. नव्या सिस्टीममध्ये काय काय येणार त्याची जाहिरातच होती ती. गुळगुळीत आवाजात एक बाई सांगत होती की इथून पुढे पडद्यावरची चित्रं आम्ही मांडू. तुम्हाला कधी काय लागेल ते सिस्टीम ओळखेल, तेच पुढे आणेल, बाकीचं मागे सारेल. आणि तरीही नाही सापडलं, तर पडद्याच्या मधल्या पट्टीला फक्त बोलून सांगा. मग पडद्यावर एक सुरकुतलेला डावा हात आला. तो कोपऱ्याकडे गेला, थबकला, मागे आला, भलतंच काही दाबलं, पुन्हा भिरभिरला. मग कॅमेरा वर सरकला आणि माझे बाबा दिसले. कपाळाला आठ्या, ओठ थरथरताहेत, डोळ्यांत पाणी यायच्या बेताला. वर अक्षरं उमटली, 'शोधत बसण्याचे दिवस संपले.' लगेच दुसरा एक गोरागोमटा म्हातारा, खणखणीत आवाजात कॉम्प्युटरशी गप्पा मारणारा, आणि मागे संगीत.

खाली लोकांचा नुसता दंगा चालला होता. एकाने लिहिलं होतं, कॉम्प्युटर माझा, सामान माझं, आणि हा कोण लागून गेला आवरणारा. दुसऱ्याने, चाळीस वर्षं संसार केला, बायकोनेही कधी माझ्या टेबलाला हात लावायची हिंमत केली नाही. कुणी म्हणत होतं, हे सगळं आपलं बोलणं ऐकायचे धंदे आहेत. कुणी म्हणत होतं, जुनं तेच बरं, पैसे घेऊन जुनं परत द्या. एरवी मी पोट धरून हसले असते. पण मधेमधे ती बदामाची चित्रं होती. बिचारे आजोबा. या आजोबांसाठी तरी हे यायलाच हवं. रडवलंत हो. आता आजोबांना कुणाची वाट बघावी लागणार नाही.

माझा हात शिवशिवला. मी लिहिलं, हे माझे वडील आहेत, त्यांना बोलता येत नाही, बोलून मागायचं असेल तर त्यांनी काय करावं. कंपनीचं उत्तर चुटकीसरशी आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. एकाने मला खोटारडी म्हटलं. दुसरीने लिहिलं, ताई, प्रगतीच्या आड येऊ नका. म्हटलं, येते की, चांगली आडवी येते.

व्हिडिओ पुन्हा लावला. मला एक कळत नव्हतं. माझे बाबा चाचपडतील कसे? झोपेतून उठवलं तरी चहा बरोबर मागणारा माणूस. मी तो हातापाशी थांबवला आणि पडदा मोठा करून बघितला. डावीकडे वर, कपाच्या जागी दिवा होता. कप पार खाली उजवीकडे. 'हो' आणि 'नाही' वेगवेगळ्या टोकांना. एकही चित्र आपल्या जागी नव्हतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागच्या खेपेला छोट्या आला होता, तेव्हा एका दुपारी मला म्हणाला होता, ताई, तू खुशाल पडदे टांगून ये, मी आहे ना बाबांपाशी, जरा त्यांचं शूटिंग करतो, आठवण राहील. मी परत आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवले नाहीत. छोट्या म्हणाला, दमलेत. आणि तो गेल्यापासून बाबांनी एक नवं खूळ काढलं होतं. छोट्याचा फोटो ओढायचा, कपाच्या जागेवर नेऊन ठेवायचा, आणि माझ्याकडे टक लावून बघायचं. मला वाटायचं हात घसरला. मी फोटो परत नेऊन ठेवायचे, ते पुन्हा ओढायचे, मी पुन्हा ठेवायचे, ते टेबलावर मूठ आपटायचे. काय हा हट्टीपणा, असंही मी एकदा म्हटलं. माणूस तक्रार करत होता, रोज, त्याच्याजवळ जे होतं त्यातून. म्हणत होता, छोट्याने माझं सामान हलवलं.

मी उठून बाबांच्या खोलीत गेले, काही न बोलता फोटो ओढून कपाच्या जागी ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी 'हो' दाबलं. मग पुन्हा 'हो'. मग माझा हात धरून लहान मुलासारखे रडले, आणि मीही.

फोन वाजला तो छोट्याचाच. मी स्पीकर लावून टेबलावर ठेवला. त्याला आधी ती कॉमेंट काढून हवी होती. ऑफिसात लोक विचारायला लागलेत, तू माझी बहीण आहेस हे कळलं तर माझं काय होईल, वगैरे वगैरे. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चित्रं कुणी हलवली?"

आधी म्हणाला, कुठली चित्रं? मग गाडी रुळावर आली. बाबा इतक्या झपाट्याने दाबत होते की शूटिंगमध्ये त्रास दिसेचना. साहेब म्हणाले, यावरून तर जुनीच पद्धत झकास आहे असं वाटतं. म्हणून थोडा वेळ, अगदी थोडाच वेळ, त्याने चित्रं इकडची तिकडे केली होती, आणि नंतर जिथल्या तिथे लावूनही ठेवली होती. आपल्याच माणसाचं आहे म्हणून सोपं गेलं, बाहेरच्याची परवानगी मिळता मिळत नाही. हे त्याने असं सांगितलं, जसा काही माझा वेळच वाचवला.

मी म्हटलं, ते जाऊ दे, ही नवी सिस्टीम आपल्या घरात शिरली की बाबा काय करणार? तो म्हणाला, जुनी मांडणी ठेवायची सोय आहे, आत कुठेतरी एक बटण आहे, सुरुवातीला राहील. आणि मग? मग नाही. सगळ्यांचंच नाही राहणार. "पण सवय होईल गं, बोलतील हळूहळू." सख्ख्या बापाबद्दल. ज्याने स्वतःच्या तोंडाने त्यांचे शब्द भरून दिले, तो. परक्याने केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हा घरचा भेदी, याला कुठली शिवी देऊ?

इतक्यात त्याच्या लक्षात आलं. आवाज एकदम बारीक झाला. "बाबा ऐकतायत? बाबा, रागावलात का माझ्यावर?"

बाबांनी माऊस धरला. कपाच्या जागेवरचा छोट्याचा फोटो त्यांनी बाजूला केला, कप जागेवर आणला. मग हात खाली गेला, न बघता, आणि टेबलावरच्या फोनला ऐकू जाईल अशा आवाजात छोट्याच छोट्याला म्हणाला, "पुरे झालं."

मग फोन बंद झाला.

मी आधी कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली. नवी सिस्टीम येणार ती याच वाटेने, मग वाटच बंद. पुढे मशीन बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, ठाऊक नाही. आजचं आज बघू. कॉमेंट मी काढली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपोआप दिसेनाशी झाली. बाकीचं मागे सारू, असं कंपनीवाले म्हणालेच होते.

मग मी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, आता हे सगळे आवाज मी माझ्या आवाजात भरते. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत बाबांनी 'नाही' दाबलं. मी म्हटलं, अहो, त्या कार्ट्याचा आवाज दिवसभर का ऐकायचा? 'नाही.' मग विचार केला, असेल बुवा, त्यांना तो स्वतःचा वाटत असेल. होताच तो त्यांच्यासारखा.

छोट्याचा फोटो मात्र त्यांनी स्वतः ओढत ओढत पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकला. उजवीकडचा वरचा कोपरा मोकळा झाला. मला शिंपिणीला मोकळं कापड बघवत नाही. मी म्हटलं, तिथे 'पाठ खाजव' लावू या, रोज हातवारे करावे लागतात. माझा हात माऊसकडे गेला, तर बाबांनी तो धरला, कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि कितीतरी वेळ ओठ हलवत राहिले. शब्द आला नाही. पण मी त्याच दुकानात वाढलेली पोर आहे, मला कळलं.

तो कोपरा अजून रिकामा आहे. संध्याकाळ झाली की बाबांचा हात सवयीने तिथे जातो, थोडा वेळ थांबतो आणि कपाकडे वळतो. मग छोट्या चहा मागतो, आणि मी उठून आधण ठेवते.