हातावरचं नाव

“हात दाव.”

आरतीनं खिडकीच्या गजांतून उजवा हात आत घातला. आत पार्वतीबाईनं तो धरला, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत अंगठा फिरवला आणि मगच दाराची कडी काढली.

“ये.”

चौतीस वर्षांची बाई, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारी, आणि आपल्याच घरात शिरायला तिला दुपारी बारा वाजता आईला हात दाखवावा लागतो. समोरच्या लिंबाखाली बाज टाकून मी हे तीस वर्षं बघत आलोय. मी दगडोबा. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. शिरूर अनंतपाळपासून दोन कोसांवर आमचं गाव. ऊन आमच्याकडं असं पडतं, की चैत्रात विहिरीत सोडलेली बादली वर येताना घाम पुसत येते. लोक म्हणतात, दगडोबा थापा मारतो. मारतो. पण बादलीचं खरं आहे.

तर त्या हातावर नाव गोंदलेलं होतं. आरती. तीन वर्षांच्या पोरीच्या हातावर गोंदलेली अक्षरं हात वाढला तशी ताणली, फाकली, हिरवीगार झाली. मनगटावर सुरू झालेलं नाव पंजाच्या पाठीवर येऊन थांबायचं.

त्या दिवशी आरती आत जाऊन लगेच बाहेर आली. हातात मोबाइल.

“काका, आलं!”

“काय आलं?”

“जपानचं. घेतलं मला.”

मी बाजेवर उठून बसलो. जपानवाल्यांनी तिची मुलाखत माझ्याच लिंबाखाली घेतली होती, कारण गावात रेंज तेवढीच. अंगात शाळेचा कोट, समोर स्टुलावर मोबाइल, आणि मागं माझी शेळी मधूनमधून मत देत होती. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात शाळेतल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं काम. इथं ती बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत होती. अनुदान दर वर्षी येणार म्हणायचे, आणि दर वर्षी ते वाटेत कुठंतरी मुक्कामाला राहायचं.

पार्वतीबाई दारात आली. कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

“तितं भुई हालती म्हनं.”

“हालती आई. पण घरं पडत न्हाईत. तशीच बांधत्यात ते.”

“तुझ्या बापानंबी पडायचं न्हाई म्हनूनच बांधलं होतं.”

आरती मोबाइलवर बोट फिरवू लागली. मग मला हळूच म्हणाली, “एक अट हाय काका. हात साफ पायजे. गोंदण पोरांना दिसायचं न्हाई. तिकडं गोंदण म्हंजी गुंडाची निशाणी.”

“लांब बाही घाल की.”

“पंजावर बाही कशी यील? लातूरला डॉक्टर हाय, लेझरनं काढतो. सहा खेपा लागत्यात. पुढच्या एप्रिलात हजर व्हायचंय. होय का न्हाई, ते पंधरा मार्चपर्यंत कळवायचंय.”

“मंग काढ.”

“काढते,” ती म्हणाली, आणि तिनं आईकडं पाहिलं.

पार्वतीबाईनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “नाव गेलं तर मी तुला वळखू कशी?”

बाहेरच्या माणसाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. म्हणून मागचं सांगतो.

त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा या घरात चार माणसं होती. सुदर्शन, पार्वतीबाई आणि जुळ्या पोरी, आरती आणि भारती. दोघी एका साच्यातून काढलेल्या. आईशिवाय कुणाला फरक कळायचा नाही. मी तर दोघींना ‘ए आरतीभारती’ म्हणायचो, म्हणजे चुकायला नको. त्या पहाटे दगडमातीचं घर खाली बसलं. सुदर्शन जागेवर गेला. पार्वतीबाईच्या कंबरेवर तुळई पडली, तिला बेशुद्ध सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. एक पोर जिवंत निघाली, एक मेलेली. पार्वतीबाई तीन महिन्यांनी परत आली, तोवर एकीला शेताच्या बांधाला पुरून झालं होतं. लोकांनी सांगितलं, भारती गेली. पार्वतीबाईनं जिवंत पोरीकडं बराच वेळ बघितलं, पण वाळून काटकी झालेल्या पोरीत तिलाही फरक उमजेना. दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन तिच्या हातावर आरती गोंदून घेतलं. मग पत्र्याचं घर उभारलं, त्याला एक दार, एक खिडकी.

आणि मग दुपारचं ते सुरू झालं.

मला ते बाहेरून कधी दिसलं नाही. लिंबाखाली बसून फक्त एवढंच दिसायचं, की कधी कधी भर बाराला पार्वतीबाई आतून कुणाशी तरी बोलतेय आणि दार उघडत नाही. म्हातारीला दुःख झालंय, आपलं आपण बोलते, असं मी धरून चाललो होतो. आरतीची लेझरची तिसरी खेप होती, त्या दिवशी ते धरून चालणं संपलं.

आरती सकाळच्या गाडीनं लातूरला गेली होती. पार्वतीबाईचा टेबलफॅन फिरेना, म्हणून मी आत जाऊन तो उघडून बसलो होतो. ती शेंगा फोडत होती. पत्रा वर तडतडत होता. बाराच्या सुमाराला दारावर थाप पडली.

“आई, दार उघड. ऊन लागतंय.”

आवाज आरतीचा. मी म्हणालो, “आली जणू. लवकर आली.”

पार्वतीबाई शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, “हात दाव.”

खिडकीच्या गजांतून हात आत आला. माझ्यापासून दोन हातांवर. आरतीचाच हात, तीच लांब बोटं, अंगठ्याजवळची तीच घडी. गोंदण नव्हतं. लेझरनं गेलेलं असतं तर डाग राहतो, फोड राहतो. हा हात कधी टोचलाच नव्हता. आणि बाहेरचे गज असे तापलेले, की माणसानं चटका बसून हात झटकावा. तो हात गजाला टेकून निवांत होता.

“जा बाई,” पार्वतीबाई म्हणाली. रागानं नाही, शेजारणीला आज विरजण नाही म्हणून सांगावं तसं. “तू ती न्हाईस.”

हात थोडा वेळ राहिला. मग निघून गेला. पावलं वाजली नाहीत. मी उठलो, खिडकीतून पाहिलं. सडक रिकामी, लिंब, लिंबाखाली माझी बाज. शेळी मात्र उभी राहून वेशीच्या दिशेनं बघत होती.

माझ्या हातातला स्क्रू कुठं पडला, तो आजतागायत सापडलेला नाही.

“कवापासून?” मी विचारलं.

“पयल्यापासून. आधी हात खिडकीला पोचत नव्हता भावजी. खालूनच दारावर थापा मारायची. मंग पोचाय लागला. हिच्यासंगं तीबी वाढली.” तिनं शेंग फोडली. “सांगायची कुणाला? तुमाला सांगितलं असतं तर तुमी जिल्हाभर केलं असतं.”

खरं होतं ते.

“बरं झालं आधीच नाव घातलं मी. घरात घ्यायची ती आपलीच घ्यावी.”

त्या दिवसापासून मी आरतीला जपानबद्दल काही विचारलं नाही. पण ती येऊन बसायची. हात मांडीवर ठेवून बघत राहायची. चौथ्या खेपेनंतर ‘आ’ गेला. पाचवीनंतर वेलांटी तेवढी राहिली, नखानं ओढल्यासारखी. पार्वतीबाईचा अंगठा आता त्या हातावर जास्त वेळ फिरायचा. कधी कधी आरती गजाशी पाच पाच मिनिटं उभी असायची.

“काका, जाऊ का नको?” तिनं एकदा विचारलं. “न्हाई गेले तर ही शाळा, ही खिडकी, मरंस्तवर. गेले तर आई एकटी. आन गोंदण गेल्यावर राहिले तर घरातबी घेनार न्हाई मला. मंग कामून काढून राहिले मी हे?”

“अजून थांबिव. वेलांटी हाय की.”

“निस्त्या वेलांटीवर कुणी घरात घेतंय का काका?” ती हसली. मग हसू विझलं. “एक विचारू? तुमीच होता ना तवा ढिगाऱ्यावर? मेली कोण होती?”

मी शेळीला हाड म्हणालो आणि उठलो.

मार्चच्या दहा तारखेला सहावी खेप झाली. शाळा सकाळची होती. दुसऱ्या दिवशी बाराला आरती सडकेवरून येताना दिसली, डोक्याला पांढरा स्कार्फ गुंडाळलेला. दाराशी थांबली. मी बाजेवर उठून बसलो.

“हात दाव.”

तिनं हात आत घातला. त्यावर अक्षर म्हणून उरलं नव्हतं, नुसती लाली. गजाचा चटका बसला असणार, कारण तिचा खांदा आखडला, पण तिनं हात मागं घेतला नाही. आत पार्वतीबाईचा अंगठा फिरत असावा. बराच वेळ गेला. तिची सावली चपलांखाली शिरून बसली.

“आई, मी हाय. दार उघड.”

कडी हलली नाही.

“आई, ऊन लागतंय.”

हे शब्द माझ्या कानावर आधीही पडले होते, याच आवाजात.  आता पार्वतीबाई म्हणणार, जा बाई. मी चपला शोधायला लागलो, म्हणजे सडक ओलांडून सांगावं, की वहिनी, ही आपलीच आहे, मी साक्षीदार आहे. पण कसला साक्षीदार?

तेवढ्यात कडी निघाली.

“ये,” पार्वतीबाई म्हणाली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. “ये भारती. लई वर्सं उन्हात हुभी केली तुला. ये, आत ये माय.”

दार लागलं. पुढचं मला आरतीनंच सांगितलं, ऊन उतरल्यावर, लिंबाखाली बसून. आईनं तिचे पाय धुतले. ज्वारीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेंगांची चटणी. स्वतः घास मोडून तोंडात घातला. मग डोकं मांडीवर घेतलं, तेल घातलं, आणि गोष्टी सांगत बसली. तुझी बहीण लई शिकली, जपानला चालली, जाऊ दे तिला, तू हायस आता.

“तू काय बोललीस?”

“काय बोलू? हूं, हूं करत ऱ्हायले.” ती आपल्या कोऱ्या हाताकडं बघत होती. “काका, तीस वर्सांत तिनं मला असं जेवू घातलं न्हाई. कधी मांडीवर घेतलं न्हाई. रोज घरात घेतलं, पर बघायची मातर अशी, का दुसरीच आली नसंल ना. आज पयल्यांदा तिनं मला नीट बघितलं. आन ती मी नव्हते.”

मग मला राहवेना.

“पोरी,” मी म्हणालो, “यादी करणारे आले होते, मेलेल्यांची. एकेका ढिगाऱ्यापाशी थांबून नाव विचारायचे. तुझी आई बेशुद्ध, बाप गेलेला. सांगायला कुणी नव्हतं, मी होतो. मला काय ठावं कोण कोणती? ते म्हणाले, नाव सांगा, लिहायचंय. मी म्हणालो, भारती. जिभेवर आलं ते बोललो. तेच लिहिलं. मग सगळे तेच म्हणायला लागले.”

मला वाटलं, आता ही पोर शेळीचं दावं घेऊन मला बडवणार.  लिंबाची पिवळी पानं पडत होती, त्यातलं एक तिच्या पंजावर पडलं, ते तिनं काढलं नाही.

“म्हंजी मी कुनीबी असंन,” ती म्हणाली.

“हाव.”

“मंग बरंय.” ती उठली, मोबाइल उंच धरून रेंज बघितली आणि तिथंच उभ्यानं होय म्हणून पाठवून दिलं.

महिनाअखेरीला ती गेली. हैदराबादला विमान होतं. निघताना पार्वतीबाईनं तिच्या हातावर दही ठेवलं, पण गाडीपर्यंत आली नाही. घरात कुणीतरी जेवायचं खोळंबलंय अशी घाई होती तिला. त्या दिवसापासून ते दार भर दुपारीही उघडं असतं. मी तिकडं बघायचं टाळतो. बाजेचं तोंड मी फिरवून घेतलं.

एप्रिलात एकदा आरतीचा व्हिडिओ कॉल आला, माझ्या मोबाइलवर, बाराच्या ठोक्याला. तिकडं शाळा सुटली होती. अंगात स्वेटर, मागं पोरं दप्तरं घेऊन पळत होती. चेहरा भरलेला दिसला.

“पोरं कशी हायत?”

“लाजत्यात काका. आपल्यासारखीच. आई कुठाय?”

“जेवाय बसलीय.”

“एकटीच?”

मान वळवून बघावंच लागलं. उघड्या दारातून आतला उजेड दिसत होता. पार्वतीबाई पाटावर, समोर ताट. पलीकडं दुसरं ताट.

“खरं सांगा. थाप नको.”

“न्हाई,” मी म्हणालो. “एकटी न्हाई.”

आरतीनं मोबाइल चेहऱ्याजवळ आणला.

“कशी दिसती?”

“तुझ्यासारखीच. उन्हात लई हुभी राहिली ना, जरा रापलीय.”

आरतीनं मान खाली घातली. एक पोरगं तिच्या मागं येऊन काहीतरी म्हणालं, तिनं त्याला हातानंच थांबवलं.

“काका, माझा पांढरा स्कार्फ खुंटीला ऱ्हायलाय. बाहीर पडताना बांध म्हनावं तिला.”

“सांगतो.”

फोन खिशात घालून मी सडक ओलांडली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो.

“वहिनी, आरतीचा फोन होता. म्हणत होती, खुंटीला स्कार्फ हाय—”

पार्वतीबाईनं घास तोंडाजवळ थांबवला.

“मला कशाला सांगता भावजी? ती बसलीय की हितं. तिलाच सांगा.”

मी टोपी काढून हातात घेतली, दुसऱ्या ताटाकडं तोंड केलं आणि निरोप सांगितला.